'करतो' आणि 'येते'

उल्हासनगरच्या कॉलेजात लॉ करताना आम्हाला कायद्याचा इतिहास हा विषय होता. त्यात एक प्रश्न हमखास यायचा: विवाहाच्या संदर्भात रोमन कायदा, चर्चचा कॅनन कायदा आणि इंग्लिश कायदा यांची तुलना करा. मी अंबरनाथची, माझ्या वर्गातला तो बदलापूरचा. परीक्षेच्या आदल्या रविवारी बदलापुरात बेलवलीला त्याच्या घरी आम्ही अभ्यासाला बसलो. हा माणूस लग्नाचं कधी विचारतोय याची मी दोन वर्षं वाट बघत होते, आणि तो माझ्याकडे नोट्स मागत होता.

रोमन आणि इंग्लिश त्याच्या वाट्याला आले होते. "रोमन सोपं आहे," तो म्हणाला. "दोघांची मर्जी हवी. नवरी वाजतगाजत नवऱ्याच्या घरी आली, की बास. इंग्लिशवाल्यांना नोटीस पाहिजे, रजिस्टर पाहिजे, साक्षीदार पाहिजेत."

चर्चचा जुना कायदा माझ्याकडे होता आणि मी त्याच्या प्रेमातच पडले होते. त्यात सगळा खेळ क्रियापदाचा. दोघांनी वर्तमानकाळात 'मी तुला वरतो', 'मी तुला वरते' म्हटलं की लग्न लागलं, भटजी नको की मांडव नको. भविष्यकाळात म्हटलं तर नुसता साखरपुडा.

"स्वस्तात काम," तो वहीतून मान वर न करता म्हणाला. "मग करतो मी तुझ्याशी लग्न."

माझ्या हातातलं पेन पडलं. पण मी सुखासुखी सोडणारी नव्हे. मराठीतलं 'करतो' भारी लबाड. 'फोन करतो' म्हणून हाच माणूस दोन-दोन दिवस गायब असायचा.

"हा वर्तमानकाळ की भविष्यकाळ?" मी विचारलं.

"आता टेन्स काय चेक करतेस?" त्याचे कान लाल झाले होते. "वर्तमान. आत्ताचा. लिहून घे." मग इंग्लिश कायदाही रुसायला नको म्हणून त्यानं स्वयंपाकघराकडे हाक मारली, "आई, जरा बाहेर ये. साक्षीदार पाहिजे."

आई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. आतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ह्याचं कळलं," त्या मला म्हणाल्या. "तुझं काय?"

मला इतका आनंद झाला होता की शब्दच फुटेना, नुसतं हसू येत होतं. आणि म्हणे वकील होणार होते मी. शेवटी पुस्तकं पिशवीत कोंबली, चपला उलट्या घातल्या आणि दारातून सवयीनं म्हणाले, "येते."

"ये," त्या म्हणाल्या. "फक्त वाजतगाजत ये."