काळ्या मुंगीचे आठ पाय

नव्वदच्या दशकात मी स्वतःला फार हुशार समजायचे. तेव्हा ह्यांची अंबडच्या कारखान्यातून थेट गुजरातला बदली होणार अशी कुणकुण लागली. सिडकोतलं घर, मुलीची शाळा, सगळं सोडायचं? निफाडकडच्या माझ्या सासूबाईंनी उपाय काढला. "एकवीस दिस मुंगीला साखर घाल. काळीच पायजे बरं का. लाल मुंगीचा काय उपेग नाय."

आमच्या दारात सगळ्या लाल. काळी एकच, जास्वंदीच्या पानावर एकटी फिरायची. रोज आंघोळ करून मी तिच्यापुढे चार दाणे ठेवायचे नि हात जोडायचे. तीही पुढच्या दोन मिशा उचलून हलवायची. मी धन्य! पण साखरेकडे ढुंकून बघेल तर शपथ. लाल मुंग्याच ती पळवायच्या.

सोळाव्या दिवशी वैतागून फांदी हलवली, तर बाईसाहेबांनी टुणकन उडी मारली आणि धाग्याला लोंबकळल्या. मुंगी, आणि धागा?

शेजारच्या मॅडम कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांना हाताला धरून आणलं.

"अगं, हा कोळी आहे. ह्या प्रजातीला मिर्मरॅक्ने म्हणतात. पाय मोज."

मोजले, सहा. पुढचे दोन मी मिशा म्हणून सोडले होते. पुन्हा मोजले, आठ.

"मिशाच वाटाव्यात म्हणून वर धरतो तो. कंबरही मुंगीसारखी. पण समोरचे दोन टपोरे डोळे बघ, मुंगीला असतात का असे?"

"मग जाळं कुठंय?"

"जाळ्यात नाही पकडत. उडी घालतो."

"आणि तोंडात हे लांब काय धरलंय?"

"तो जबडा. नर आहे तो."

सोळा दिवस ज्याला मी "खा गं माझे बाई" म्हणत होते, तो बाप्या निघाला.

आता हे सोळा दिवस धरायचे की नाहीत? पहिल्यापासून सुरुवात करावी, तर बदलीचा कागद आठवड्यात येणार. सासूबाई गहू निवडता निवडता म्हणाल्या, "त्यानं मुंगीचं सोंग घेतलं ना? मंग साखर मुंगीलाच पोचली."

"पण आई, खाल्ली लाल मुंग्यांनी!"

"मंग अर्धी पोचली."

मला काही सुधरेना. कोळी चिलटं खातो असं मॅडमकडून कळलं, तेव्हा चिलटं जमावीत म्हणून मी साखरेशेजारी केळ्याची सालंही ठेवायला लागले.

"हे काय चाललंय?" ह्यांनी विचारलं.

"तुमची बदली थांबवतेय."

"सालांनी?"

एकविसाव्या दिवशी कागद आला. बदली रद्द नव्हती, वर्षभर पुढे ढकलली होती. म्हणजे नेमकं पावलं कोण? आणि किती? सासूबाई म्हणाल्या, चालू ठेव. मॅडम तर नुसत्या हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साखरेचा डबा घेऊन दारात गेले. पानावर तो होता, खाली लाल रांग होती. कुणापुढे ठेवायची ते ठरेना, म्हणून चिमूट तशीच धरून बराच वेळ उभी राहिले.