रूथमावशींचा बंद कूलर

रूथमावशी गेल्याचा फोन मला त्यांच्या मुलाने, आनंदने केला. "कुंदाताई, आई गेली. माह्या मांडीवर डोकं ठेवून, बोलता बोलताच गेली," म्हणाला. मी रडले, पण ते नंतर. आधी मनात आलं, मावशी, जिंकलात तुम्ही. ज्या मुलाने एके काळी त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही असं ठरवलं होतं, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेलात.

मावशी माझ्या शेजारीण आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या प्रार्थनेच्या पहिलवान. दर गुरुवारी त्यांच्याकडे घरसभा भरायची. नागपूरचा मे महिना, खिडकीत घरघरणारा कूलर आणि त्याच्या वरताण मावशींचा आवाज. प्रार्थना सुरू झाली की बायका पदराआड घड्याळ बघायच्या. बरं, जे तोंडावर बोलता येत नाही ते डोळे मिटून देवाला ऐकवायचं, म्हणजे सुनेला बरोबर लागतं, ही आमच्याकडची जुनी खोड. मावशी त्यात पटाईत. आनंद पोटात असतानाच त्यांनी देवाला वचन दिलं होतं, मुलगा झाला तर पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, करीन. आनंदला नाद यंत्रांचा. त्याने बुटीबोरीच्या कापड गिरणीत नोकरी धरली, तशी मावशींनी भर सभेत सुरुवात केली, "प्रभू, माह्या पोराची बुद्धी फिरली, त्याले ताळ्यावर आण..." आनंद दाराशीच उभा होता. म्हणाला, "आई, तू देवालेच बोलू देत नाही, मले काय बोलू देशील?" चपला घातल्या आणि गेला. तिकडेच खोली केली, फोनही उचलेना.

मावशी कसल्या ऐकतात! त्यांनी आवाज आणखी चढवला. मग एका गुरुवारी आनंदचा असाच उद्धार चालला असताना लाइट गेली. कूलर थांबला, आणि "आईले विसरला तो" हे शब्द त्या शांततेत असे आदळले की बाहेरचा भाजीवालाही वळून बघायला लागला. मावशी थांबल्या. आमेनही म्हणाल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "कुंदा, मी देवाचंही ऐकलं नाही वं, अन् पोराचंही नाही."

लाइट आली, मी कूलर लावायला उठले, तर म्हणाल्या, "राहू दे." तेव्हापासून बायबलमधला शास्त्रपाठ झाला की कूलर बंद आणि सगळे चूप. पाळकसाहेबांचा रुमाल पिळण्याइतका ओला व्हायचा. मी एकदा कुरकुरलेच, "काहून मावशी, कूलर सुरू असला तर देवाला ऐकू येत नाही का?" "त्याले येते वं. मलेच येत नाही."

एका रविवारी उपासना आटोपून त्या मला घेऊन बसने बुटीबोरीला गेल्या. आनंदने दार उघडलं, पण बसाही म्हणाला नाही. मावशी खाटेच्या कडेला टेकल्या. "सांग बाबू, मी ऐकून राहिली," एवढंच म्हणाल्या. आणि त्याचा बांध फुटला. वडील गेले तेव्हा सगळ्यांनी त्याला देवाचा माणूस हो म्हणून सांगितलं, तुला रडू येतं का हे कोणी विचारलं नाही. आईला तो नाही नाही ते बोलला. आणि मावशी गप्प! परतताना मी विचारलं, तर म्हणाल्या, "मी बोलली असती तर तो थांबला असता ना." पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या, त्याच्या पुढच्याही. नाताळला आनंद घरी आला, गिरणीतला फिटर म्हणूनच. मावशींनी त्याला पोटाशी धरलं. वचनाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या गुरुवारी त्यांच्या घरी स्मरणसभा झाली. घर गच्च भरलेलं, कूलर घरघरतोय, आणि आम्ही सगळे लांबलचक प्रार्थना मनात जुळवून आलेले. आनंद उठला आणि त्याने कूलर बंद केला. घाम मानेवरून उतरत होता... आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. मग आनंदने, चारचौघांत कधीही प्रार्थना न केलेल्या आनंदने, डोळे मिटले. "प्रभू, आम्ही ऐकून राहिलो," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. कूलर लावायची कोणालाच घाई नव्हती.