दममास्तरांचा अ‍ॅम्प्लिफायर

लग्न होऊन खामगावला आले त्या दिवशी, माप ओलांडून जेमतेम आत टेकले होते, तोच माझ्या धाकट्या दिरानं मला पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, तुमच्या जानेफळले लाइट आली का? व्होल्टेज किती येते?" नव्या नवरीला कोणी उखाणा घ्यायला सांगतं, कोणी दमलीस का म्हणून विचारतं. हा गृहस्थ व्होल्टेज विचारत होता. आमच्या गावात तेव्हा कंदील होते. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा काही पडला, की मानपानात माहेरच्यांकडून काही राहून गेलं की काय, असं मला वाटलं.

भाऊजी हायस्कुलात सायन्स शिकवायचे, पण गाव त्यांना दममास्तर म्हणायचं. कारण त्यांचं सगळं बोलणं शेवटी 'दम हाय का?' यावर येऊन थांबायचं. मधल्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर होता, तबकड्या ऐकायचा. तो हलवायला दोन गडी लागत. गाण्याचा आवाज वाढवणारा भाग म्हणे त्यात तळहाताएवढाच, बाकी सगळा पसारा वीज साठवण्याचा. त्यातला ट्रान्सफॉर्मर म्हणजे तारेची एवढी जाड गुंडाळी होती की सासूबाई तिला भाऊजींची बायको म्हणायच्या.

एवढा पसारा कशाला, असं मी एकदा विचारलं, आणि स्वयंपाक राहिला बाजूला. त्यांनी मला न्हाणीतल्या रांजणापाशी नेलं. म्हणाले, नळ बारीकच असतो, पण रांजण मोठा असला तर एकदम दोन बादल्या काढल्या तरी अडत नाही. रांजण लहान असला की दुसरी बादली अर्धीच निघते. डग्ग्यावर जोरात थाप पडली की तो एकदम वीज मागतो. साठा नसला तर तेवढ्यापुरता गाणाऱ्या बाईचा आवाज खाली बसतो. "लोक इचारतात, किती वॅट? वॅट काय, खोक्यावर कोनीबी लिहिते. एकदम मागतलं तर द्यायले घरात हाय का, ते पाहा ना."

त्यांना ते बसणं ऐकू यायचं. आम्हाला नाही. लग्नाच्या पंगतीतून ते भरल्या पानावरून उठून लाऊडस्पीकरवाल्याकडे गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि वरमाई तोंडाला पदर लावून बघत राहिलेली. त्यांचं स्वतःचं लग्नही त्यापायीच राहिलं. मेहकरला मुलगी पाहायला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी कौतुकानं नवा रेडिओग्राम लावला. पोहे आले, मुलगी आली, आणि नवरदेव कुठे, तर रेडिओग्रामच्या मागे उकिडवे बसलेले. उठले आणि म्हणाले, बाकी सगळं छान आहे, पण पॉवर सप्लाय फार लहान घातलाय. मुलीच्या वडिलांना तो घराण्यावरचा टोमणा वाटला. आम्ही पोहे अर्धे टाकून निघालो.

कापसाचा हंगाम सुरू झाला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. जिनिंगची यंत्रं फिरायला लागली की आमच्या घरातला दिवा संध्याकाळी तांबडा पडायचा. मग ते अ‍ॅम्प्लिफायरची पेटी उघडून बसत, अजून कंडेन्सर चढवत. कंडेन्सर म्हणजे त्यांचे रांजण. त्यात साठलेली वीज बटण बंद करून, प्लग काढूनसुद्धा आत तशीच राहते, आणि ती जीव घेऊ शकते. म्हणून हात घालण्याआधी ते लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं तिला वाट करून देत. बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा. सासूबाई दर वेळी दचकून देवाचं नाव घेत आणि दर वेळी त्यांना शिव्या घालत.

खरं तर ती वीज आपोआप निघून जावी म्हणून पेटीत एक लहानसा रेझिस्टन्स असे. दिवसभर तो गरम होत बसायचा. त्या वर्षी हंगामात व्होल्टेज फारच पडलं, तेव्हा भाऊजींनी तो कापून टाकला. तेवढीच वीज गाण्याला मिळेल, हा हिशेब. आणि एका सकाळी वीज खाणारे काचेचे व्हॉल्व काढून, नुसता सप्लाय तपासून, बार न काढताच ते शाळेत पळाले. त्या दिवशी इन्स्पेक्टर येणार होते.

दिवाळीची आवराआवर चालली होती. मला सहावा महिना होता. प्लग भिंतीतून काढून खाली टाकलेला मी नीट पाहिला, आणि ओल्या फडक्यानं ती उघडी पेटी पुसायला घेतली.

पुढचं मला आठवतं ते थेट समोरच्या भिंतीपासून. मी तिथं कशी गेले ते माहीत नाही. हात खांद्यापासून माझा नव्हताच. पोटात पोर हलेना. संध्याकाळपर्यंत हललं नाही, आणि त्या संध्याकाळची भीती मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

घरात निकाल लगेच लागला. सासूबाई म्हणाल्या, दोन जिवांची बाई, काऊन हात लावला तिनं? यजमान मान खाली घालून उभे. त्या काळी आमच्याकडे सुनेच्या बाजूनं बोलायची रीत नव्हती. भाऊजी शाळेतून आले, सगळं ऐकलं, आणि शेजारपाजारचे जमलेले असताना मोठ्यानं म्हणाले, "वहिनीची चूक नाई. चूक माही हाय." आईसमोर, चारचौघांत, पुरुषमाणसानं असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. रात्री पोर हललं तेव्हा मी आधी रडले, मग ओसरीवर बसलेल्या भाऊजींना निरोप पाठवला.

मुलगी झाली. शकू. गोरीगोमटी, हसरी. पुढच्या दिवाळीत कोणा टारगटानं तिच्या पाळण्याखाली सुतळी बॉम्ब लावला. आम्ही सगळे किंचाळलो. शकू झोपलेली होती, ती झोपलेलीच राहिली. घर गार पडलं. एकमेकांकडे बघायची कोणाची छाती होईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हिला जन्मापासून ऐकू येत नाही, कारण सांगता येणार नाही.

कारण सांगता येणार नाही, यातले दोन शब्द इकडेतिकडे झाले असते तर भाऊजी वाचले असते. ते जेवेनात. पेटीवर त्यांनी चादर टाकली. सायन्सचा माणूस, कारणाशिवाय त्यांचं कसं चालायचं? आणि एक कारण तर त्यांनी स्वतःच्या हातानं कापून टाकलेलं होतं.

मग एके दिवशी सासूबाईंना आठवलं की जानेफळचा माझा मामा बहिरा आहे. झालं. हे तुह्या माहेरचं हाय, म्हणून त्यांनी माझ्यावर तोंड सोडलं. एरवी मी ऐकून घेतलं नसतं. माझी जीभ काही कमी नाही, आणि मामा तापात बहिरा झाला होता, मोठेपणी, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर भाऊजी बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवाळीनंतर पहिल्यांदा काहीतरी सैल झालेलं मला दिसलं. मी म्हटलं, हो, मामा जन्मापासूनच तसा, मामाचा आजाही तसाच होता. तो आजा मी त्या क्षणी जन्माला घातला. त्या संध्याकाळी भाऊजींनी दोन भाकरी खाल्ल्या.

त्यानंतरची वर्षं आमच्या घराची सगळ्यात चांगली. त्यांनी पेटी पुन्हा उभी केली. रेझिस्टन्स दोन घातले, एक जळाला तर दुसरा. शकू रांगत रांगत स्पीकरपाशी गेली आणि लाकडावर गाल टेकून खदखदा हसायला लागली. डग्ग्याची थाप तिला अंगातून कळत होती. मग काय, काका-पुतणीची बैठक रोजची. हंगामात दिवा तांबडा पडला, ठोका ढिला झाला, की शकू तळहात उताणा करून खाली नेऊन दाखवायची. बसलं, म्हणून. भाऊजींच्या आधी दाखवायची. त्यांनी आणखी मोठा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, तिच्यासाठी. "या घरात गानं समजनारे दोघंच," म्हणायचे, "मी आन् शकू." मी ऐकत ऐकत भाकऱ्या थापायची आणि मामाच्या त्या नसलेल्या आज्याचे मनातल्या मनात उपकार मानायची.

शकू शाळेच्या वयाची झाली तेव्हा मला मुलगा झाला. बाळ चार महिन्यांचं असेल. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट, आणि विचारायचं कोणी नाही. शेवटी सासूबाईंनीच पाळण्यामागे उभं राहून पितळेच्या ताटावर पळी वाजवली.

बाळानं गर्रकन मान वळवली. सासूबाईंनी पुन्हा वाजवली, बाळानं पुन्हा पाहिलं आणि हसलं. यजमान चक्क डोळे पुसायला लागले. सासूबाई मीठमोहऱ्या आणायला धावल्या. शेजारच्या बायका गोळा झाल्या. शकूला काय झालं ते कळेना, पण सगळे हसतायत म्हणून ती टाळ्या पिटत होती.

भाऊजी दारात उभे होते. आनंदानं पुढे येतील म्हणून मी पाहिलं, तर चेहरा पांढराफटक. जवळ आले, बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाले, "मंग ते तुमच्या मामाकडचं नव्हतं, वहिनी."

मी म्हटलं, असं कुठं असतं, दोन भावंडांतलं एखादंच तसं निघतं, तुम्हीच तर मला सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुमी माह्यासाठी खोटं बोलल्या. समजते मले." आणि शकूच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेले. त्या उन्हाळ्यात त्यांनी दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी धरली. पेटी शकूसाठी ठेवून गेले. दिवाळीला यायचे, तिच्याशी खेळायचे, पण तिच्याशेजारी गाण्याला ते पुन्हा बसले नाहीत. आता ते नाहीत.

त्या दिवशी मात्र ते दारातून बाहेर पडले आणि मी पाळण्यापाशी तशीच उभी राहिले. घरात पेढे वाटले जात होते. बाळ माझ्याकडे बघून हात हलवत होतं. आणि त्याच्या सख्ख्या आईच्या, माझ्या मनात आलं, की ह्यानं मान वळवली नसती तर बरं झालं असतं.