चंद्रीच्या तोंडाचा वास

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी उठल्या की आधी चंद्री मांजरीचं तोंड हुंगायच्या. देवाला हात जोडणं मागून. मी अकोल्याहून नवीनच लग्न होऊन आले होते. बापानं कुठल्या घरात लोटलं मला, असंच वाटलं तेव्हा.

घर अमरावतीबाहेर, मळ्यातलं. इंग्रजाचं राज्य होतं. विहिरीवर मोट चालायची अन् शेवंती-झेंडूच्या टोपल्या रोज देवळांकडे जायच्या. घरात मात्र जपून चालावं लागे. उंबऱ्याशी, चुलीपाशी, खाटेखाली, जागोजागी आत्याबाईंनी पाण्याच्या वाट्या ठेवलेल्या. मामंजी अडखळले की आत्याबाईंच्या माहेराचा उद्धार व्हायचा. त्या मुकाट्यानं वाटी पुन्हा भरून ठेवायच्या.

यामागचं कारण त्यांनी एकदा फुलं निवडताना सांगितलं. आधीचा बोका फार पाणी प्यायचा अन् फुलांच्या टोपल्यांत मुतायचा. बाटलेली फुलं देवाला कशी द्यायची? अंगात उष्णता झाली, असं सगळे म्हणाले. आत्याबाईंनी पाणीच झाकून ठेवलं. टोपल्या कोरड्या राहिल्या, पण बोका वाळत गेला. त्याच्या तोंडाला मुतासारखा वास यायला लागला, अन् तो गेला.

"मीनंच मारलं त्याले," एवढंच त्या म्हणाल्या.

मग चंद्रीही पाणी जास्त प्यायला लागली. आत्याबाईंचं कशात लक्ष लागेना. तिला टोपलीत घालून, दमणीला बैल जुंपायला लावून, त्यांनी ढोरांचा सरकारी दवाखाना गाठला. मीही सोबत होते. बैल-म्हशींच्या गर्दीत मांजर आणणाऱ्या आम्हीच. लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. चंद्रीचं पोट चाचपून म्हणाले, गुर्दे निकामी होत चाललेत, औषध नाही, पण पाणी तोडू नका. घरी मामंजी टोपल्या पुन्हा बाटतील म्हणून कुरकुरले, तेव्हा आत्याबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पाणी मांगते त्याले पाणी द्या. फुलं उद्या बी येतीन."

चंद्री पुढे बरीच जगली. रोज तोंड हुंगून आत्याबाई माझ्याकडे बघत अन् मान हलवत, वास नाही म्हणून. मग माझाही जीव भांड्यात पडायचा. एका सकाळी त्यांनी मान हलवली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत चंद्री वाटीपाशी निजली ती उठलीच नाही.

हुंगायची सवय मात्र सुटली नाही. बाळंतपणात मला सारखी तहान लागायची, तर आत्याबाईंनी माझंही तोंड हुंगलं. मी लाजेनं मेले.

पुष्कळ वर्षांनी आत्याबाईंच्याच पायांवर सूज आली. तहान भागेना. डॉक्टर नीट काही सांगेनात अन् मला धीर धरवेना. एका सकाळी पांघरूण सारखं करायच्या निमित्तानं मी त्यांच्या तोंडाशी वाकले. तोच मुतासारखा वास होता. मी पांघरूण उगाच पुन्हा सारखं केलं.

त्यांच्या ते लक्षात आलं.

"येऊन राहिला का वास?"

"नाही जी, आत्याबाई," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग उशाची रिकामी वाटी माझ्यापुढे केली.

"मंग भर."