कुलदेवीच्या ओटीला पासपोर्ट

माझं लग्न झालं तेव्हा संयुक्त महाराष्ट्र झालेला नव्हता आणि माझा संसारही झालेला नव्हता. मी तावातावाने बोलत असे ते मात्र फक्त पहिल्याबद्दल.

सासरची कुलदेवी गोव्यातली. लग्न झालं की जोडप्याने जाऊन तिची ओटी भरायची आणि तोवर नवराबायकोने एका खोलीत निजायचं नाही, असा घरचा रिवाज. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत याचा अर्थ असा, की हे बाहेर गॅलरीत आणि मी स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या शेजारी; बाहेरची खोली मधे सरहद्दीसारखी रिकामी. पूर्वी लोक बोटीत बसून जात आणि ओटी भरून परत येत. आता पोर्तुगीज गोवा सोडायला तयार नव्हते, आणि आपल्या सरकारने सरहद्द आवळली होती. जायचं तर इकडून परमिट हवं, आणि पलीकडे पासपोर्ट दाखवायचा.

हे म्हणाले, "अर्ज करून टाकू या."

एखादी शहाणी मुलगी 'बरं' म्हणाली असती. मी गॅलरीत उभी राहून भाषण ठोकलं. "सावंतवाडीहून बैलगाडी जाते तिथे, आणि पोर्तुगीज म्हणतात समुद्रापारचा प्रांत! समुद्र लागतो तो त्यांना. आपल्याच देवीला भेटायला पासपोर्ट? मी त्या कागदाला हात लावणार नाही!"

चाळीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त वेळ वाजवल्या त्या चाळ-कमिटीच्या सेक्रेटरींनी. त्यांच्याही धाकट्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्यांचीही देवी तिकडचीच. टाळ्या न वाजवणारा माणूस एकच, तो माझ्याशी लग्न करून बसला होता.

मग काय, प्रभातफेरीत मी सगळ्यांच्या पुढे. मुंबई पाहिजे, बेळगाव पाहिजे, कारवार पाहिजे. नवरा पाहिजे, हे तेवढं म्हणायचं राहून जाई. घसा बसला की सासूबाई गरम पाणी देत आणि शेजाऱ्यांना ऐकवत, "आमची सून तत्त्वाची हो!" गणपती गेले, दिवाळी गेली. हे गॅलरीतून अर्थपूर्ण खोकत. चाळीला वाटे, सर्दी आहे. शेजारच्या काकूंनी काढा आणून दिला आणि यांनी तो मुकाट्याने प्यायला.

शेवटी एका सकाळी दादरला मावशीकडे जाते असं सांगून मी यांच्याबरोबर फोर्टातल्या परमिटच्या कचेरीत गेले. पदर नाकापर्यंत. रांगेत पुढची पाठ ओळखीची वाटली. सेक्रेटरी!

ते दचकले. "मी... निषेध नोंदवायला आलोय."

"रांगेत उभं राहून?" हे म्हणाले.

"रांगेतच नोंदवतात हल्ली."

इतक्यात मागून आवाज आला, "गो, जरा पुढे सरक बघू."

सासूबाई! देवदर्शनाला जाते म्हणून घरून निघालेल्या.

"आई, तुम्ही इथे?"

"तुझं तत्त्व तुझ्यापाशी ठेव. झोपेत घोषणा देतेस आणि मूठ मला बसते. माझ्या बरगड्या काय सरकारच्या आहेत?"

आमचा नंबर आला. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "कारण?"

"देवीची ओटी भरायचीय."

"त्याला परमिट नाही. तिकडे कुणी नातलग अत्यवस्थ आहे का?"

"तिकडे नाही," हे म्हणाले. "इकडे मीच आहे."

कारकून हसला, पण परमिट नाहीच म्हणाला. चौघं एकाच ट्रामने परतलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी गॅलरीत दक्षिणेकडे पाट मांडला. त्यावर तांदूळ, नारळ, खण. मला म्हणाल्या, "बस इथे आणि भर ओटी. पासपोर्ट आपल्याला लागतो, तिला कुठे लागतो? येईल ती." मी ओटी भरली, दोघांनी जोडीने नमस्कार केला. सासूबाईंनी माझी वळकटी उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली आणि यांची गॅलरीतली वळकटी आणून तिच्याशेजारी.

आता तरी गप्प बसावं की नाही? पण नाही! मी म्हणाले, "आई, ही तर माघार झाली. त्यांनी वाट अडवली म्हणून आपण देवीला इकडे यायला लावायचं? तत्त्वाचा प्रश्न..."

"अगं बाई," हे हात जोडून म्हणाले, "सभा संपली!"

पुढे गोवा मुक्त झाला आणि आम्ही कुणालाही कसलाही कागद न दाखवता देवळात जाऊन उभे राहिलो. सासूबाईंनी रिवाजाची ओटी पुढे केली. पुजाऱ्याने विचारलं, "नव्या जोडप्याची ना? कुठाय जोडपं?"

माझ्या कडेवर एक होतं, यांच्या बोटाला एक.

"हे काय," सासूबाई म्हणाल्या. "परमिटला जरा उशीर झाला."