सुनंदाच्या ट्रॉलीचे बोल्ट

माझं अक्षर गिचमिड आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. खरं तर हे आमच्या ह्यांनी लिहायला हवं होतं. फौजेत होते, हवालदार होऊन घरी आले. पण सुट्टीवर आले की पोस्टिंग कुठे आणि थंडी किती, एवढंच सांगायचे. आता अंबडला एका कारखान्यात सिक्युरिटीला आहेत. तरी तसंच.

दर दिवाळीआधी ते निफाडकडे सुनंदाच्या मळ्यात जातात. सुनंदा म्हणजे नायक काशिनाथची बायको. काशिनाथ ह्यांचा फौजेतला जोडीदार, ड्युटीवर असतानाच वारला. हे तिला वहिनी म्हणतात. कधी तिचा पंप दुरुस्त करतात, कधी शेडचा पत्रा. संध्याकाळी येतात आणि मुकाट जेवतात. मला वाटायचं, माझ्या वाटणीचं बोलणं तिकडे संपवून येतात.

यंदा द्राक्षं निघायच्या आधी तिच्या ट्रॅक्टरची छोटी ट्रॉली आमच्या दारात आली. तळाच्या फळ्या कुजलेल्या. क्रेट उचलताना एका गड्याचा पाय आरपार गेला होता. न्हाणीच्या दारासाठी मी पैसे बाजूला ठेवले होते. त्यातून हे बाभळीच्या फळ्या घेऊन आले.

"आणि आपलं दार?"

"दार थांबेल. तिचा माल थांबणार नाही."

आमचं दार खालून इतकं कुजलं होतं, की मांजर त्यातून ये-जा करायची. भांडी जरा जोरात आपटली.

रविवारी सकाळी सहाला काम सुरू झालं. जुन्या फळ्या काढल्या. खालचा सांगाडा घासून त्याला रेड ऑक्साइड मारला. जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळलं आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"आधी टोकं. पाणी टोकातून शिरतं."

मग खालची बाजू, दोन हात. एकदा बसवल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. फळ्या वाळू दिल्या. बसवताना दोन फळ्यांमध्ये खिळ्याएवढी फट ठेवली, लाकूड फुगलं तर जागा हवी म्हणून. शेजारचा वेल्डर येऊन बघून गेला.

"साहेब, रिव्हेट मारा. जन्मात सुटायचं नाय."

"सुटलं पाहिजे," हे म्हणाले.

एकेका बोल्टला बोटाने ग्रीस लावत होते. माझ्याच्याने राहवेना.

"एवढे लाड माझे केले असते तर!"

त्यांनी पुढचा बोल्ट उचलला.

सुनंदा ट्रॉली न्यायला आली. पिशवीभर वांगी घेऊन आली. मी चहा दिला आणि विचारलंच, "तुमच्याकडे आले की लय बोलत असतील ना?"

"भाऊजी? पाणी मागायचं तरी खूण करतात. मला तर तुमचा हेवा वाटायचा, ताई. म्हटलं, घरी तरी सांगत असतील, आमच्या ह्यांचं शेवटी काय झालं. मला सांगितलं, जागेवर गेले. बस."

"मला काहीच नाय सांगितलं."

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. ते पाना पुसत होते.

सुनंदाने विचारलं, "भाऊजी, बोल्टला एवढं ग्रीस कशाला?"

ते ताठ उभे राहिले. साहेबाला रिपोर्ट देतात तसे बोलले.

"अरुणाचल. आदल्या संध्याकाळी राशन घेऊन कॉन्व्हॉय निघाला. पहाटे साडेचारला दरड आली. आमचा काशी नाल्यापलीकडे रस्ता मोकळा करत होता. दुसरी दरड त्याच्यावर आली. नाल्याला पूर आला होता, आम्ही अलीकडे. वायरलेस सेटवर मेसेज आला, वन कॅज्युअल्टी, जिवंत आहे, ओव्हर. सुभेदारसाहेब म्हणाले, ट्रेलरच्या फळ्या काढा, पूल टाका. बोल्ट गंजलेले. पाना फिरेना. घणाने तोडले. चाळीस मिनिटं गेली. पहिला मी पलीकडे गेलो. काशी शुद्धीत होता. म्हणाला, 'उशीर केलास रे.' आणि हसला. स्ट्रेचर त्या फळ्यांवरूनच आणला. अलीकडे पोहोचलो तेव्हा तो गेलेला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, आधी आणला असता तरी वाचला असता की नाही, सांगता आलं नसतं."

सुनंदाने चहाचा कप खाली ठेवला.

"हसले?" सुनंदा म्हणाली.

"हसला."

"दात दिसले?"

"वरचा तुटका, तोसुद्धा."

तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. आणि खरं लिहायचं तर तेव्हाही मला तिचा हेवा वाटला. इतक्या वर्षांनी हे बोलले, ते तिने विचारलं म्हणून. माझ्या तोंडून तोवर नुसते टोमणेच निघाले होते.

द्राक्षं पिंपळगावच्या मार्केटला गेली तशी ती थोडे थोडे पैसे देत गेली. न्हाणीला दार बसलं. त्याच्याही खालच्या कडेला ह्यांनी आधी तेल पाजलं. काल ती ट्रॉली घेऊन आली. ह्यांनी पाना लावून एक बोल्ट सैल करून बघितला. सहज फिरला.

"काशी," ते हळूच म्हणाले आणि परत आवळला.

सुनंदाने उरलेले पैसे माझ्या हातात ठेवले. "फिटले, ताई."

मी ते न मोजता डब्यात टाकले. मग म्हटलं, "आता दिवाळीआधी आम्ही दोघं येऊ."