मामाजी, घास गिळू नका

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी, सत्तरच्या दशकाच्या अखेरची... सासरी एकोडीला, धानाच्या म्हणजे भातशेतीच्या मुलखात. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पायाची जखम पावसाळ्यापासून भरत नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, शुगर आहे, गोड बंद करा, नाहीतर पाय जाईल.

मामाजी शब्दाचे पक्के. चहा फिका, करंजी-अनारशाकडे बघायचेसुद्धा नाहीत. आणि जेवायला बसले की ताटात भाताचा डोंगर... दोन्ही वेळा. "शक्कर सुटली, आता भातानंच पोट भरा लागते," हे वर.

मी बी.एस्सी. झालेली. भात म्हणजे साखरेचेच बारीक मणी ओवलेली लांब माळ, खाल्ली की सुटते, हे मला पाठ होतं. पण सांगणार कशी? आमच्याकडे तेव्हा सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. ते समोर असले तरी निरोप सासूबाईंमार्फतच जायचा.

पाडव्याला मात्र राहवलं नाही. दाराआडून सासूबाईंना म्हटलं, मामाजींना सांगा, नुसत्या भाताचा घास घ्या, चावत राहा, पण गिळू नका.

सासूबाईंनी तेवढंच पोचवलं. "सूनबाई म्हणते, घास गिळू नका."

मामाजींचा हात थांबला. सणाच्या दिवशी सुनेनं सासऱ्याचा घास अडवला होता. पण तोंडातला नुसत्या भाताचा घास ते चावत राहिले. बराच वेळ.

मग सासूबाईंना सोडून त्यांनी सरळ दाराकडे पाहिलं. "काहून वो सूनबाई, भातात शक्कर टाकली का तू? गोड लागून राहिला."

"नाही जी मामाजी," मीही थेटच बोलून गेले. "शक्कर भातातच राह्यते. तोंडातल्या लाळेनं सुटली, म्हणून आता समजली."

त्यांनी स्वतःच भात बाजूला सारला. "मंग त मी रोज शक्करच खाऊन राहिलो." आवाज इतका पडला होता की सांगितल्याचं मला वाईट वाटलं. धान पिकवण्यातच जन्म गेलेला माणूस तो.

डॉक्टरांना विचारून भात मूठभर ठरला. जखम भरायला उन्हाळा उजाडला, पण पाय वाचला. आणि आमच्या दोघांत पुन्हा कधी निरोप्या लागला नाही.

तो मूठभर भात ते सगळ्यात शेवटी घ्यायचे, नुसता, आणि सावकाश चावायचे. कुणी पेढा पुढे केला की म्हणायचे, "माही मिठाई झाली."

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. भाताचा शेवटचा घास मी अजून नुसताच घेते... आणि लगेच गिळत नाही.